नाकमिस्त्री

"आधी नाक. मग कान. मग हात. आणि एवढं करून काही उरलंच, तर पाना."

हा आवाज वस्तादचा. पंचेचाळीस वर्षं उलटली त्याला. वस्तादच्या दातांत कायम एखादा वायसर धरलेला असायचा, त्यामुळे त्याचं बोलणं निम्मं दातांतून आणि निम्मं नाकातून यायचं. पण एकदा कानात शिरलं की मुक्कामालाच राहायचं. गाडी दारात उभी राहिली की तो आधी टाकीचं झाकण उघडायला लावायचा.

"घे वास. बोल."

"पेट्रोल आहे, वस्ताद."

"ते तर बोळातल्या मांजरालाही कळतं. कुठलं पेट्रोल? कालचं, का गेल्या वर्षीचं? पाणी आहे? रॉकेल मारलंय? बोल सावकाश. गाडी काही पळून जात नाही. पळत असती तर आपल्याकडे आली असती का?"

त्या आवाजाने हाताखालच्या पोराचं नाक घडवलं. ताजं पेट्रोल नाकाच्या शेंड्यालाच टोचतं आणि निघून जातं. महिनाभर पडून राहिलेलं जरा आत येऊन बसतं. वर्षाचं शिळं झालं की त्याला आंबूस, वार्निशासारखा वास सुटतो, बंद कपाटाचं दार उघडावं तसा. हे सगळं तो शिकला, आणि पुढे स्वतःचं गॅरेज टाकल्यावर लोकांनी त्याचं नाव नाकमिस्त्री ठेवलं. पाटीवरचं खरं नाव उन्हाने उडून गेलं तेव्हा ते पुन्हा रंगवायची गरजच पडली नाही. जुन्या गाड्यांचे मालक लांबून यायचे. तो टाकीवर वाकायचा, डोळे मिटायचा, आणि इंजिनाला हातही न लावता सांगायचा, की साहेब, तुमच्या ड्रायव्हरने गेल्या आठवड्यात यात काय ओतलंय ते त्यालाच विचारा.

आता तो बासष्ट वर्षांचा होता, आणि दोन वर्षांपासून त्याला कसलाच वास येत नव्हता.

दहा दिवसांच्या तापातून तो उठला, चहाचा कप तोंडाशी नेला, तर नुसतं गरम पाणी. साबण हुंगला, ग्रीस हुंगलं, ओला बूट हुंगला. सगळीकडे तेच: काही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. त्या हळूहळूला दोन वर्षं झाली. बायको त्याआधीच गेलेली, घरात दूध करपलं तरी ओरडणारं कुणी नव्हतं. आणि बाहेर सांगायचं तर कोणत्या तोंडाने सांगायचं? नाव काय, तर नाकमिस्त्री.

म्हणून त्याने सांगितलंच नाही. पूर्वीसारखाच टाकीवर वाकायचा, पूर्वीसारखेच डोळे मिटायचा, लांब श्वास घ्यायचा आणि "हं" म्हणायचा. मग रंग बघायचा, दोन बोटांत चोळायचा, गिऱ्हाइकाला बोलतं करून त्याच्याच तोंडून निम्मं काढून घ्यायचा. रोज रस्त्यावर पळणाऱ्या गाड्या होत्या, त्यांच्या टाकीत रोजचंच पेट्रोल. निभत होतं.

रविवारी सकाळी ताईचा फोन आला.

"छोट्या, दाजींची गाडी सुरू करून दे."

बासष्ट वर्षांच्या माणसाला छोट्या म्हणणारी जगात एकच व्यक्ती उरली होती. ताई अडुसष्टची. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, त्यामुळे कमी शब्दांत पूर्ण निरोप द्यायची तिला सवय. घर विकलं गेलंय. शनिवारी दुपारी किल्ल्या ठेकेदाराच्या हातात द्यायच्या, सोमवारी तो सगळं पाडणार, मागची शेडसुद्धा. ताई जाणार मुलीच्या इमारतीत. तिथे गाडीला जागा आहे, पण चालत्या गाडीला. ढकलत आणलेली गाडी आत घेणार नाही म्हणून तिथल्या सेक्रेटरीने लिहून कळवलंय. मुलीने शनिवारी सकाळसाठी क्रेन सांगून ठेवलीय. गाडी सुरू झाली तर क्रेनवाल्याला नको म्हणायचं. नाही झाली तर तो ती भंगारात नेऊन टाकणार.

"आणि चालवणार कोण?" त्याने विचारलं.

"मी."

"तू?"

"लायसन्स काढून आणलंय नवीन. चाळीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून नुसत्या खिडक्या खालीवर केल्या. एकदा तरी स्टिअरिंगमागे बसून त्या गाडीतून जाणार आहे, मग भले दहा मिनिटांचा रस्ता असो. हसू नकोस."

तो हसला नव्हता.

सोमवारी तो हत्यारांची पेटी घेऊन गेला. शेड घराच्या मागच्या अंगाला, पत्र्याची. गाडी बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, गोल दिव्यांची, पुढून पाहिलं की एखादा म्हातारा चष्मा लावून पेपर वाचत बसलाय असं वाटावं. दाजींना जाऊन चार वर्षं झाली होती. तेवढीच वर्षं गाडी जागची हलली नव्हती, पण काचेवर धूळ नव्हती.

"पुसत होते मी," ताई म्हणाली. "पुसणं जमलं. सुरू करणं नाही जमलं." ती झाडू दाराला टेकवून उभी राहिली. "दवाखान्यातून त्यांनी एवढंच सांगितलं होतं मला. दर रविवारी पाच मिनिटं सुरू ठेव, बाकी काही करू नकोस. पहिला महिना केलं मी. मग व्हायचं काय, इंजिनाचा आवाज झाला की ते शेडमध्येच आहेत असं वाटायचं, आणि बंद केलं की... तर मग मी किल्लीच ठेवून दिली."

"होईल सुरू," तो म्हणाला.

टाकी आधी रिकामी केली. त्यातून जे निघालं ते चहासारखं तांबूस होतं, त्याला वास घ्यायची गरज नव्हती. टाकी धुतली, नळीतून हवा मारली. इंजिनाजवळच्या पंपाच्या काचेच्या वाटीत डिंकासारखा गाळ बसला होता, तो खरवडला. हे सगळं हातांचं काम, आणि हात अजून त्याचे होते. तासाभरात त्याला जरा बरं वाटू लागलं.

"आता भरायला पेट्रोल?"

"आणलंय की. काल वायरमनभाऊ पंपावरून घेऊन आले. फळीवर बघ."

फळीवर दोन कॅन होते. दोन्ही पत्र्याचे, दोन्ही हिरवे, दोन्ही सारख्याच उंचीचे, दाजींनी जोडीने घेतलेले. ताईने दोन्ही पुसून लखलखीत करून ठेवलेले.

"दोन आहेत, ताई."

"एक त्यांनी अडीनडीला म्हणून भरून ठेवलेला, तो तसाच राहिलाय. दुसरा रिकामा होता, तो भाऊंना दिला, त्यात नवं आहे. पुसताना मी दोन्ही इकडचे तिकडे केले, आता माझ्याही ध्यानात नाही कुठला कुठला." मग ती हसली, आणि लहानपणी त्याला चिडवायला तिनेच जुळवलेली ओळ तिने तशाच चालीत म्हटली: "छोट्याचं नाक लांब, वासाला म्हणे थांब. तुला काय सांगायचं? झाकण उघड, कळेल."

सांगायची वेळ तीच होती. ताई, मला नाही कळणार. चार शब्द पुरले असते. पण ती झाडूवर हनुवटी टेकवून त्याच्याकडे बघत होती, आणि चार वर्षांत ती त्याच्यासमोर पहिल्यांदा हसली होती.

त्याने डाव्या कॅनचं झाकण उघडलं, वाकला, डोळे मिटले. काही नाही. उजव्याचं उघडलं. काही नाही. दोन विहिरींत डोकावावं आणि दोन्हींत अंधारच असावा.

"हं," तो म्हणाला.

ताई चहा टाकायला आत गेली. त्याने दोन चिंध्या दोन कॅनमध्ये बुडवल्या, अंगणात नेऊन काडी लावली. दोन्ही भडकल्या. शिळं पेट्रोलही चिंधीवर पेटतंच, हे त्याला कळत होतं; पण पेटलेलं बघून मनाला आधार वाटतो. मग त्याने झाकणांचा विचार केला. डावं झाकण हलक्या हाताने फिरलं होतं, उजव्याला जरा जोर लागला होता. जे काल उघडलं तेच सैल असणार. त्याने डावा कॅन टाकीत रिकामा केला.

पेट्रोल पंप कोपऱ्यावरच होता. जाऊन नवं आणावं, असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण मग ताईने विचारलं असतं, की घरात भरलेला कॅन असताना बाहेरून कशाला? त्या प्रश्नाला उत्तर एकच होतं.

मंगळवारी पंपाचा डायफ्राम बदलला. कार्बोरेटर उतरवून त्याचा तुकडा न तुकडा वर्तमानपत्रावर मांडला, जेट फुंकून साफ केले, फ्लोटची सुई घासून बसवली. दुपारी ताई स्टिअरिंगमागे बसली, चोक ओढला, किल्ली फिरवली. इंजिन फिरत राहिलं, फिरत राहिलं, एकदा खोकलं आणि गप्प झालं.

"पुन्हा?"

"पुन्हा."

पुन्हा तेच. ताई खाली उतरली, नाक जरा आक्रसून म्हणाली, "हा वास काही... जाऊ दे. तुला काय सांगायचं."

तिने तेवढ्यावर सोडलं. त्यानेही तेवढ्यावर सोडलं.

बुधवारी वायरमन आला. गाड्यांची वायरिंग करणारा, तीस वर्षांपासूनचा दोस्त, पोट पुढे आणि पक्कड खिशात. त्याने पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, प्लग काढून इंजिनावर टेकवला आणि ताईला किल्ली मारायला सांगितलं.

"बघ मिस्त्री. निळाशार. या ठिणगीवर लग्न लागेल कुणाचंही."

"तुझं लागलं तेव्हा हीच होती का?"

"तेव्हा नुसता धूर होता."

आत बसलेली ताई हसली. मग दोघांनी मिळून प्लग पाहिले. चारही ओले.

"ठिणगी आहे," वायरमन म्हणाला. "पेट्रोल पोचतंय. मग पेटत का नाही ही बया?"

"वरून घालून बघू." मिस्त्रीने टाकीतूनच टोपणभर पेट्रोल काढलं, कार्बोरेटरच्या घशात ओतलं. किल्ली. गाडीने एक हुंदका दिला, पांढरा धूर सोडला, संपलं. पुन्हा ओतलं, पुन्हा तेच.

"हे घशात घालूनही गिळत नाही म्हणजे पेट्रोलचा दोष नाही," मिस्त्री म्हणाला. बोलताना त्याला ते पटलंसुद्धा. ज्यावर शंका घ्यायची तेच पुन्हा पाजून त्याने पारख केली होती, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल आणि त्याने ते लक्षाबाहेर ठेवलं असेल.

"पेट्रोलचा दोष कसा असेल? मी स्वतः आणलंय पंपावरून," वायरमन म्हणाला. त्याने हातातला प्लग नाकाशी नेला. "तरी याला वास कसला येतोय रे? आंबूस."

मिस्त्रीने त्याच्या हातातून प्लग घेतला, स्वतःच्या नाकाशी धरला. ताई काचेतून बघत होती.

"टाकी धुतलीय. जुना गाळ सुटतो दोन दिवस."

"असेल बाबा. तुझ्यासमोर मी नाक चालवायचं म्हणजे माशाला पोहून दाखवायचं."

तो गेला. जाताना म्हणाला, काही लागलं तर हाक मार. काही लागलं नाही.

गुरुवारी मिस्त्रीने प्लग काढून एकेका भोकावर अंगठा दाबला आणि ताईला इंजिन फिरवायला लावलं. दाब किती येतो ते अंगठ्याला कळतं. पहिला, चौथा ठीक. दुसरा आणि तिसरा मऊ, अंगठा उडतच नव्हता. अशा वेळी त्या भोकात चमचाभर ऑइल ओतून पुन्हा बघायचं असतं. तीन दिवस पेट्रोलने भिजवून भिजवून आतलं ऑइल धुऊन निघालं असेल तर दाब मऊच लागतो. ऑइल ओतलं की परत येतो. हे त्याला झोपेत विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. पण घड्याळ पुढे चाललं होतं, चार दिवसांत गाडी एकदाही धड बोलली नव्हती, आणि मऊ लागलेल्या त्या दोन भोकांनी त्याला एक उत्तर दिलं होतं. उत्तर मिळालं याचाच त्याला एवढा आनंद झाला की ते तपासावंसं वाटलं नाही.

"वॉल्व्ह," तो म्हणाला. "दोन वॉल्व्ह बसत नाहीत. इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उतरवावं लागेल."

"उभी राहून राहून झालं का?"

"होतं असं."

"दर रविवारी सुरू केली असती तर?"

त्याने हात पुसले. एक बोट, मग दुसरं बोट, मग तिसरं. "तर कदाचित नसतं झालं."

ताईने चहाचे कप उचलले, एकात अजून चहा होता तो अंगणात ओतला, आत गेली.

शुक्रवारी सकाळी हेड उतरवायला घेतलं. ॲल्युमिनियमचं हेड, नट बसायच्या लोखंडी खिळ्यांवर चार वर्षं नव्हे, तीस वर्षं बसलेलं. नट निघाले, पण हेड जागचं हलेना. दोघांत गंज नांदत होता. त्याने ऑइल सोडलं, वाट पाहिली, लाकडाचा ठोकळा लावून सगळीकडून हळूहळू ठोकलं. वस्ताद असता तर म्हणाला असता, आज राहू दे, रात्रभर ऑइल पिऊ दे त्याला. पण रात्रीनंतर शनिवार होता. दुपारी दोनच्या सुमाराला त्याने एका कडेला पहार घातली आणि भार दिला.

आवाज फार मोठा नव्हता. सुकी फांदी पायाखाली यावी तेवढाच.

हेड निघालं. तडा एका कडेपासून पाण्याच्या वाटेतून आरपार, नदीसारखा वळणं घेत गेलेला. त्याने बोट फिरवलं. नख अडकत होतं. या गाडीचं हेड आता कुठे मिळत नाही हे त्याला माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी एकासाठी शोधलं होतं, आठ महिने, आणि मिळालं नव्हतं.

मग त्याने हेड उलटं केलं, वॉल्व्ह पाहिले. दुसरा. तिसरा. आठही पाहिले. गोल, स्वच्छ, आपापल्या जागी घट्ट बसलेले. लहान बाळं झोपावीत तसे.

ताई दारात आली होती. त्याच्या पाठीकडे बघूनच तिला कळलं असावं.

"आता?"

"आता नाही, ताई."

"दुसरं हेड?"

"नाही मिळत."

ती आत आली, उघड्या इंजिनात बघितलं. चार गोल भोकं. "माझ्यामुळेच ना," ती म्हणाली. प्रश्नासारखं नव्हे, हिशेब मिटवल्यासारखं. मग घराकडे निघून गेली.

तो खोक्यावर बसला. मग उठला, कारण हात काळे होते आणि काळ्या हातांनी बसून राहणं त्याला कधी जमलं नाही. टाकीत उरलेल्या पेट्रोलने हात धुतले, पण आज चिकटा जाईना, बोटांवर तेलकट थर राहिला. त्याने फळीवरचा दुसरा कॅन घेतला. जरा जोर लावून झाकण उघडलं आणि तळव्यावर ओतलं.

हात गार पडला.

बर्फ ठेवावा तसा गार, आणि बघता बघता कोरडा. त्याने पुन्हा ओतलं. पुन्हा तोच गारवा, मनगटापर्यंत चढणारा आणि उडून जाणारा. ताजं पेट्रोल असंच उडतं. जे उडतं तेच थंड इंजिनात आधी पेटतं. तो टाकीपाशी गेला, तिथलं दुसऱ्या हातावर घेतलं. कोमट. बसून राहणारं. त्यातलं पेटणारं सगळं कधीच निघून गेलं होतं, आणि चार दिवस तो ते गाडीला पाजत होता.

मग त्याने डाव्या कॅनचं झाकण हातात घेतलं. आट्यांना आतून ग्रीस लावलेलं होतं, पातळ, एकसारखं, बोटाने फिरवून. गंजू नये, अडू नये, म्हणून. असं दाजीच करत. म्हणून ते सैल होतं.

तो दोन्ही हात पुढे धरून उभा राहिला. एक हात कोरडा, एक ओला. सोमवारी हात बुडवून पाहिले असते तरी कळलं असतं. पण सोमवारी त्याला फक्त एवढंच सिद्ध करायचं होतं, की आपल्याला नाक आहे.

घरातून खोकी ओढल्याचा आवाज येत होता. ताई सामान बांधत होती. तो दारापर्यंत गेला, उंबऱ्यावर थांबला, आणि मग मागच्या वाटेनेच निघून गेला.

शनिवारी सकाळी तो लवकर आला. येताना वाटभर त्याने वाक्यं जुळवली होती. एक वाक्य असं होतं की गाडी जुनीच होती, आज ना उद्या व्हायचंच होतं. एक असं होतं की दाजी असते तरी हेच झालं असतं. चांगली वाक्यं होती, कुणालाही लागणारी नव्हती. ताईने दार उघडलं तेव्हा तिच्या पायात नवे, सपाट तळाचे बूट होते. गाडी चालवायला म्हणून घेतलेले असणार. बाकीचे बहुतेक खोक्यांत गेले असणार.

क्रेनवाला अकराला आला. बोलका माणूस. शेडच्या दारातून आत बघून म्हणाला, "अहो, ही तर माझ्यापेक्षा जास्त चकचकीत आहे. काय झालं हिला?"

"इंजिन," मिस्त्री म्हणाला.

"वय झालं की छातीच दगा देते." त्याने हुक काढला, मग शेडच्या पत्र्याकडे बघून मान हलवली. "क्रेन आत येणार नाही. बाहेर ढकलावी लागेल. स्टिअरिंगवर कुणीतरी बसा."

दोघांनी ताईकडे पाहिलं नाही. पण ती आधीच दार उघडून बसली होती. तिने आसन पुढे ओढलं, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, अगदी शिकवल्यासारखं. मिस्त्री आणि क्रेनवाला मागून ढकलू लागले. गाडी आधी हलेना, मग कुरकुरत सुटली. शेडच्या दारातून, अंगणातून, फाटकाच्या खांबांमधून. ताईने वळण बरोबर घेतलं. खांबाला कुठेही घासू दिलं नाही. पंचवीसेक पावलं असतील.

"वा बाई, हात पक्का आहे," क्रेनवाला धापा टाकत म्हणाला. "उतरा आता."

ती लगेच उतरली नाही. मग उतरली.

तुटकं हेड त्याने मागच्या डिकीत ठेवलं, चिंधीत गुंडाळून. क्रेनवाल्याने कागदावर सही घेतली, साखळी ओढली, गाडीचं तोंड वर झालं. गल्लीच्या टोकाला ती वळली तेव्हा मागचा लाल दिवा उन्हात चमकला, आणि मग गल्लीत नुसती गल्ली राहिली.

दोघं शेडमध्ये परत आले, कारण त्याची पेटी तिथे होती. रिकामी शेड केवढी मोठी दिसत होती. जमिनीवर चार चाकांच्या चार फिकट खुणा. ताई खोक्यावर बसली, जिथे काल तो बसला होता.

"दुसऱ्या कुणाकडून तसलं हेड आणून... काहीच झालं नसतं ना रे?"

"आता काय त्याचं."

"नाही, मला विचारायचंय. तू गेलास ना काल, तेव्हापासून मी तेच धरून बसलेय. आयुष्यभर त्या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नाही. कपडे इस्त्री कर म्हणाले नाहीत. जाताना एवढीशी गोष्ट मागितली. दर रविवारी पाच मिनिटं. मला रडू येतं म्हणून मी ती केली नाही. स्वतःच्या रडण्याचं कौतुक केलं आणि त्यांची गाडी मारून टाकली." तिचा आवाज एक्स्चेंजमधल्यासारखाच सपाट होता, शब्द न् शब्द नीट ऐकू जावा असा. "हे आता कायमचं माझ्याजवळ राहणार. मुलीकडे जाताना सामानात हे एक जास्तीचं."

तो पेटीतले पाने लावत होता. लहानापासून मोठ्यापर्यंत, एकेक आपल्या जागी. तो दहा नंबरचा पाना हातात धरून थांबला. वाटेत जुळवलेली वाक्यं एकेक करून आठवली, आणि एकही तोंडातून बाहेर निघण्यासारखं वाटलं नाही. तो काहीच बोलला नाही तरी चालणार होतं. ती उठली असती, किल्ल्या घेतल्या असत्या, ठेकेदाराकडे दिल्या असत्या. नाकमिस्त्री नाकमिस्त्रीच राहिला असता, आणि ती रोज सकाळी मुलीच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर उठून हे एक ओझं उचलत राहिली असती.

"ताई, गाडी तू नाही मारलीस."

"राहू दे रे. मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस."

"बरं वाटावं म्हणून नाही." त्याने पाना खाली ठेवला. "वॉल्व्ह चांगले होते. आठही. इंजिन मंगळवारीच सुरू झालं असतं. त्या दोन कॅनमधला जुना होता ना, दाजींचा, तो मी टाकीत ओतला. आणि मग ते लपवायला आठवडाभर बाकी सगळं उघडत बसलो."

"तू वास घेतलास की. माझ्यासमोर घेतलास. दोन्हींचा."

"वाकलो फक्त," तो म्हणाला. "मला वास येत नाही, ताई. दोन वर्षं झाली. कसलाच येत नाही."